रवंथाची गॅरंटी

महेंद्रच्या मालात एकच खोट होती. तो मोडत नसे.

घोडेगावच्या बाजारात म्हशी आणणारे जे पस्तीस-चाळीस टेम्पो होते, त्या सगळ्यांना त्याने आणि त्याच्या दुकानातले लोहार मेहताबभाई यांनी मिळून तीन वर्षांत नवे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बसवून दिले होते. गाडीचे नेहमीचे पाटे जाड आणि ताठ असतात. सिमेंटच्या पोत्यांची त्याबद्दल तक्रार नसते, पण उभ्याने प्रवास करणाऱ्या गाभण म्हशीला प्रत्येक खड्डा गुडघ्यातून पोटापर्यंत कळतो. महेंद्रचे पाटे पातळ, लांब आणि संख्येने जास्त होते. खाली रबराची गादी, आणि वजन वाढलं तरच कामाला लागणारा एक राखीव पाटा. म्हशी उभ्या यायच्या, उभ्या उतरायच्या. बाजारातले हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, खूश होते. आणि खूश झालेलं गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही, हे महेंद्रला जरा उशिरा कळलं. शेजारच्या दुकानातले पाटे दर सुगीला तुटत आणि त्या दुकानदाराने यंदा घरावर मजला चढवला होता.

"मी इतकं चांगलं काम केलंय," महेंद्र लोकांना सांगायचा, "की आता मला कामच उरलेलं नाही."

तो डिप्लोमा झालेला होता. सुप्याच्या एका कारखान्यात अकरा वर्षं सुपरवायझर होता, इस्त्रीचा शर्ट घालत होता. त्याचे वडील कारभारी जन्मभर घोडेगावच्या बाजारात म्हशी चढवण्या-उतरवण्याची हमाली करत आले. एके दिवशी त्यांच्या हातून उतरलेल्या म्हशीचा पाय वाटेतच मोडलेला निघाला आणि ते दोन दिवस जेवले नाहीत. दुसऱ्या कुणी बापाला आग्रह करून दोन घास भरवले असते. महेंद्रने नोकरीचा राजीनामा दिला. आपल्या आयुष्यातला हा एकमेव थोर निर्णय उपाशी बापाच्या ताटासमोर, स्वतः पोटभर जेवल्यावर झाला, हे तो न लपवता सांगे.

दुकानात त्याच्या डिप्लोम्यापेक्षा त्याचं वजन उपयोगी पडलं. ते चौऱ्याण्णव किलो होतं. नवे पाटे बसवले की मेहताबभाई आपला टॉवेल सोडून महेंद्रचे हात पाठीमागे बांधत, कारण म्हशीला हात नसतात, आणि त्याला टेम्पोच्या हौद्यात उभं करून औरंगाबाद रस्त्यावरून खड्डे शोधत फिरवत. महेंद्र उभा राहिला तर पाटा पास. एकदा एका हवालदाराने टेम्पो अडवला. बांधलेला माणूस कोण, असं त्याने दरडावून विचारलं.

"म्हैस हाय, साहेब," मेहताबभाई शांतपणे म्हणाले.

हवालदाराने महेंद्रकडे नीट पाहिलं आणि गाडी सोडली. त्याने इतक्या लवकर सोडायला नको होती, असं महेंद्रला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

एकोणीसशे नव्याण्णवच्या पावसाळ्यात सुप्याच्या जुन्या साहेबांचा निरोप आला. जागा रिकामी आहे, दिवाळीनंतर कधीही रुजू हो. महेंद्रची बायको जयमाला सावेडीतल्या शाळेत शिकवत होती. तीन वर्षं घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं आणि तिने ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशीही ती तेवढंच बोलली, जेवढं जरूर होतं.

"जिल्ह्यातले टेम्पो संपले ना? मग जिल्ह्याबाहेरची एक ऑर्डर आणा. आणि ऑर्डर म्हणजे परत न आलेली ऑर्डर. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत आली तर दुकान राहील. नाही आली तर सुपा."

जिल्ह्याबाहेर महेंद्रच्या ओळखीचं कुणी नव्हतं. पण सावेडीत आदिलचं सायबर कॅफे होतं, आणि आदिल वेबसाइट बनवायला शिकला होता. जगात कुठेही बसलेला माणूस आपला माल बघू शकतो, असं त्याने सांगितल्यावर महेंद्रने आठ दिवस बसून इंग्रजी मजकूर लिहिला. त्यात 'सस्पेन्शन किट' हा शब्द चौदा वेळा होता.

"पाट्याला किट म्हटल्यावर पाटा लवतो का जास्त?" मेहताबभाईंनी विचारलं.

जयमालाने मजकूर वाचून बाजूला ठेवला. "हे वाचून म्हैस बसेल खाली. तुम्ही हेड्यांना काय सांगता, ते लिहा ना."

हेड्यांना तो एकच गोष्ट सांगत असे. घाबरलेली, थकलेली म्हैस रवंथ करत नाही. जिचा प्रवास सुखाचा झाला, ती उतरल्यावर थोड्याच वेळात तोंड हलवू लागते. तेव्हा महेंद्र पाटे बसवताना म्हणायचा, "उतरल्यापासून अर्ध्या तासात म्हैस रवंथ करायला लागली नाही, तर पाटे परत घेऊन जाईन." घोडेगावात हे बोलणं कुणी घड्याळ लावून ऐकत नसे. लग्नात जावयाला 'आणखी दहा जिलेब्या घ्या' म्हणतात, त्यातलाच तो प्रकार होता. महेंद्रने ते इंग्रजीत केलं. आदिलने त्याला लाल रंग दिला, ठळक केलं आणि ते लुकलुकतं ठेवलं.

महिनाभर महेंद्र रोज संध्याकाळी कॅफेत जाऊन आपली वेबसाइट बघून यायचा. पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले त्याचा आकडा होता. तो दोनशे चौदावर गेला, त्या दिवशी त्याने आदिलला पेढा दिला.

आदिलने पेढा खाल्ला, मग म्हणाला, "महेंद्रभाऊ, तुम्ही जितक्यांदा बघता तितक्यांदा तो वाढतो. त्यातले दोनशे तुमचेच असतील."

"आणि वरचे चौदा?"

"मीपण बघतो ना अधूनमधून."

पंधरावा मात्र खरा निघाला. चिपळूणहून राधाकृष्ण नावाच्या गृहस्थांचा ईमेल आला. शेतकीची पदवी घेऊन त्यांनी दुधाचा धंदा काढला होता. म्हशी घाटावरून विकत आणाव्या लागत, आणि कुंभार्ली घाट उतरेपर्यंत त्यांचे हाल होत. त्यांनी गाडीची मापं मिलिमीटरमध्ये कळवली, फोटो पाठवले, आणि शेवटी लिहिलं की तुमची गॅरंटी वाचून फार बरं वाटलं.

"गाडी हितं आणायला सांग," मेहताबभाई म्हणाले.

"एवढ्या लांबून? मापं दिलीत की त्यांनी. फोटो आहेत."

"फोटो बघून नाडी बघतो का रे डॉक्टर? ज्या गाडीत आपुन उभं राहिलो न्हाई, तिचं मला काय म्हायती."

पण सुट्टीला पाच आठवडे उरले होते. मेहताबभाईंनी कुरकुरत पाटे घडवले. महेंद्रने सोबत अकरा पानांचं पत्र जोडलं. कुठला नट किती आवळायचा, रबर कुठल्या बाजूने बसवायचं, टायरमध्ये हवा किती, घाटात वेग किती, सगळं आकृत्यांसह. आपल्याला एवढं येतं हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पत्राची झेरॉक्स काढून त्याने ती दुकानात टांगली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भाषा अतिशय सभ्य होती. पाटे पत्राबरहुकूम बसवले. दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेच्या म्हशीने दोन तासांत आणि दुसरीने संध्याकाळपर्यंत रवंथ केला नाही. गॅरंटीप्रमाणे किट कुठल्या पत्त्यावर परत पाठवावं, ते कळवावं.

महेंद्रने तो कागद जयमालाला दाखवला. तिने दोनदा वाचला.

"काय करणार?"

"जाऊन येतो. एकदा स्वतः उभा राहून बघतो. मग आणतो पाटे परत."

एसटीने चिपळूणला पोचायला त्याला सकाळपासून दुपार झाली. राधाकृष्ण चाळिशीचे, उंच, मनगटावर मोठं घड्याळ असलेले गृहस्थ होते. त्यांना वाटलं होतं, कंपनीचा इंजिनिअर अवजारांची पेटी घेऊन येईल. महेंद्रने गाडीखाली शिरून नट तपासले; एकही सैल नव्हता. मग त्याने खिशातून टॉवेल काढला आणि तो राधाकृष्णांपुढे धरून म्हणाला, "माझे हात मागे बांधा."

"कशासाठी?"

"मी म्हैस आहे."

राधाकृष्णांनी आईकडे पाहिलं. आई ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. "बांध की," ती म्हणाली. "एवढे लांबून आलेत."

टेम्पो घाटाला लागला. पहिल्या वळणावर महेंद्रचा जीव सुखावला. पाटे जसे वागायला हवेत तसे वागत होते. खड्डा आला की गाडी दबत होती आणि हलकेच उठत होती. मेहताबभाईंनी न बघता घडवलेले पाटे. दुसरं वळण. बाजूने भातखाचरं गेली, पिकून पिवळी झालेली, आणि त्याच्या मनात आलं की दोष आपला नाही, कोकणात येणारी म्हैसच नाजूक असणार. तिसऱ्या वळणावर त्याचे पाय त्याला न विचारता निघून गेले. गाडी दबलीही नव्हती, उसळलीही नव्हती. तो मात्र आडवा होऊन घसरत जाऊन फळीवर आदळला, परत येऊन दुसऱ्या फळीवर आदळला, आणि हात बांधलेले असल्यामुळे पाठीवर पडलेल्या झुरळासारखा तसाच राहिला.

टेम्पो थांबला. राधाकृष्ण मागे धावत आले. महेंद्र हौद्याच्या तळाकडे बघत होता. नुसता लोखंडी पत्रा. धुऊन पुसून लखलखीत.

"तुम्ही खाली काही टाकत नाही?"

"खाली म्हणजे?"

"पाचट. उसाचं वाळलेलं पाचट. पेंढा. माती. काहीतरी."

"स्वच्छ ठेवतो ना आम्ही. रोज धुतो."

घोडेगावात पाचट न अंथरता टेम्पोत म्हैस चढवतात, असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला ताप आलाय का बघितलं असतं. तिथे शाळेत न गेलेल्या पोरालाही ते कळतं. म्हणूनच ते महेंद्रला सुचलं नव्हतं. अकरा पानांत त्याने टायरची हवा लिहिली होती, नटाचं माप लिहिलं होतं. म्हशीचे खूर कशावर टेकणार, ते लिहायचं राहून गेलं होतं. पाठीवर पडल्या पडल्या त्याला एक सोय दिसली. पाट्यांमध्ये दोष नाही, चूक तुमच्या पत्र्याची, असं म्हणून अंग झटकता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

"तुमच्या पत्रात पेंढ्याचं काही नव्हतं," राधाकृष्ण त्याला उठवत म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, फक्त आठवण होती.

"नव्हतं. मीच लिहिलं नाही. पाटे काढून देतो तुम्हाला. पण एकदा पेंढा टाकून बघू द्या."

त्यांनी हातभर जाडीचा भाताचा पेंढा अंथरला आणि एक दुभती म्हैस चढवली. महेंद्र तिच्या शेजारी उभा राहिला, या खेपेला हात मोकळे ठेवून. गाडी घाट चढून गेली आणि उतरून आली. म्हैस अंगणात उतरली, पाणी प्यायली आणि उभी राहिली. तिच्यासमोर राधाकृष्ण, त्यांची बायको, दोन गडी, शेजारची माणसं आणि महेंद्र अर्धगोल करून उभे राहिले. घड्याळ सुरू झालं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. म्हैस त्यांच्याकडे बघत होती आणि ती सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती. महेंद्र मनातल्या मनात सुप्याची सकाळची शिफ्ट किती वाजता सुरू होते ते आठवत होता.

"अरे, तुम्ही जेवत असताना मी अशी समोर उभी राहिले तर घास उतरेल का?" ओसरीवरून आई म्हणाली. "चला आत. चहा झालाय."

सगळे आत गेले. महेंद्रने कप ओठाला लावला, पण चहा गरम आहे की गार ते त्याला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा म्हैस डोळे अर्धे मिटून, खालचा जबडा सावकाश एकीकडून दुसरीकडे नेत उभी होती. ते सत्ताविसावं मिनिट होतं की पस्तिसावं, सांगता येत नव्हतं. राधाकृष्णांनी मनगट वर केलंच नाही.

"राहू देत पाटे," ते म्हणाले. "पण ते पेंढ्याचं लिहा हो कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी महेंद्र सावेडीला पोचला तेव्हा जयमाला चाचणीचे पेपर तपासत होती. त्याच्या सोललेल्या कोपराकडे तिने पाहिलं, आणि हात रिकामे आहेत तेही पाहिलं.

"पाटे?"

"ठेवून घेतले." मग त्याने सगळं सांगितलं, झुरळासकट. आणि शेवटी, आपल्याच विरुद्ध वकिली करायची खोड असल्यामुळे, म्हणाला, "पण हे जिंकणं खरं नाही, जयमाला. प्रत्येक ऑर्डरीमागे मला जाऊन पडून यावं लागणार असेल, तर कसला धंदा."

जयमालाने लाल पेनाला टोपण लावलं. "पेंढ्याचं का नाही लिहिलंत?"

"ते सगळ्यांना माहीतच असतं."

"असं सगळ्यांना माहीत असलेलं आणखी काय काय आहे, जे तुम्ही लिहिलेलं नाही?"

तिने पेपरांचा गठ्ठा उचलून खाटेवर ठेवला आणि कोरी वही काढली.

"आधी सुप्याला फोन करून नाही म्हणून या."

तो खालच्या एसटीडीवर जाऊन आला. "साहेब म्हणाले, वेड लागलंय का तुला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

"बसा." तिने समासाची रेघ मारली आणि एकचा आकडा घातला. "म्हैस गाडीत चढवली की तोंड कुठे?"

"पुढे. ड्रायव्हरकडे."

"का?"

तीन वर्षांत तीनशे म्हशी महेंद्रने पुढे तोंड करून उभ्या केल्या होत्या. स्वतःही तसाच उभा राहिला होता.

"आमच्या दादांना विचारावं लागेल," तो म्हणाला. "जन्मभर म्हशी त्यांनी चढवल्यात."

"विचारा," जयमाला म्हणाली. तिने एकच्या पुढे चार ओळी मोकळ्या सोडल्या आणि खाली दोनचा आकडा घातला.