चौदा घरांची वस्ती

घरोघर जाऊन माणसं मोजायचं सरकारी काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलं, तेव्हा आधी आम्हालाच वर्गात बसवून वस्ती, गाव आणि शहर यांतला फरक लोकसंख्येवरून शिकवला. मला तो कळला मोहोळच्या पुढं, माळावरच्या एका मेंढपाळ वस्तीवर.

मोहोळमध्ये मी गल्लीतलं एकेक दार वाजवलं होतं. इथं पोचले तर सगळ्या घरांना कड्या. एक मावशी तेवढ्या कोकराला बाटलीनं दूध पाजत बसल्या होत्या.

"माणसं शेताला, मेंढरांमागं गेल्यात. लिवा तुमी, मी सांगते की," त्या म्हणाल्या.

आणि जागेवरून न उठता त्यांनी चौदाही घरं सांगितली. कोण कुणाची सून, कोण शिकायला कुठं, कोणाला कितवा महिना. मला वैतागच आला. असं ऐकीव कसं लिहायचं? संध्याकाळी माणसं परतेपर्यंत थांबले आणि घरोघर ताडून पाहिलं. एक तान्हं मूलसुद्धा सुटलं नव्हतं.

निघताना मावशींनी विचारलं, "बाई, तुमी कुटं ऱ्हाता?"

"सोलापुरात. बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर."

"समोरच्या घरात किती माणसं हायती?"

अकरा वर्षं आमची दारं समोरासमोर उघडतात. मी हातातले कागद उगाच चाळू लागले. मी मनात मोजतेय असं वाटून मावशी शांतपणे वाट पाहत बसल्या.