विमलताईंनी विचारणं सोडलं

विमलताई इंगोले बोरी अरबजवळच्या एका शाळेत सातवीला शिकवायच्या. १९६१च्या पावसाळ्यात त्यांच्या वर्गातल्या जमनीनं बोलणंच बंद केलं. तांड्यावरच्या धावजीची ही चौदा वर्षांची मुलगी. शाळेत रोज यायची, गणितं बरोबर सोडवायची, पण हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. हळूहळू मैत्रिणी दुरावल्या. धावजीला वाटलं, पोरीला बाहेरचं काही लागलं. हेडमास्तर सदाशिवराव म्हणाले, नाव कमी करून टाका. ताईंनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

ट्रेनिंगला असताना त्यांना बालमानसशास्त्राचा विषय होता. त्या भरवशावर त्या तांड्यात गेल्या आणि जमनीला समोर बसवून प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटल्या. कोणी मारलं का? कोणाची भीती वाटते? जमनी उठून आत गेली ती आठ दिवस शाळेकडे फिरकलीच नाही.

मग ताईंनी ट्रेनिंगच्या जुन्या वह्या काढल्या. गप्प मुलाला बोलतं करायच्या आधी त्याच्याजवळ गप्प बसता आलं पाहिजे, हे वाक्य त्यांच्याच अक्षरात होतं. परीक्षेपुरतं त्यांनी ते पाठही केलं होतं.

जमनी परत आली, तेव्हा धावजीला विचारून त्यांनी तिला शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेतलं. शाळेचे नकाशे फाटले होते. दोघी खळ लावून त्यांना मागून कापड चिकटवू लागल्या. पहिल्या दिवशी ताई एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुले लई विचारलं. चुकलंच माह्यं."

तीन आठवडे असेच गेले. एका संध्याकाळी कापडावरून हात फिरवता फिरवता जमनी म्हणाली, "धडा वाचताना मी आईले याडी म्हटलं. साऱ्या हासल्या." कापडाची एक सुरकुती सरळ करून पुढं म्हणाली, "बाई, तुमीबी हासल्या."

याडी म्हणजे तांड्याच्या बोलीतली आई. ताईंना तो दिवस काही केल्या आठवेना.

"हासली असन," त्या म्हणाल्या. "मले आठवतही नाही, अन् तू इतके दिवस मनात घेऊन बसली." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

जमनी काही बडबडी झाली नाही. पण हजेरीला 'हजर' म्हणू लागली, मधल्या सुट्टीत एका मुलीजवळ बसू लागली आणि सातवी पासही झाली. पुढं धावजीनं आपल्या भावाची मुलगी मानी ताईंच्या शाळेत आणून घातली. तीही अबोल. ताई तिच्याजवळ दीड वर्ष बसल्या, पण मानी शेवटपर्यंत बोलली नाही. लग्न होऊन ती वणीकडं निघून गेली. तिचा विषय निघाला की ताई सांगत, तिच्या मनात काय होतं ते मला कळलंच नाही.