कोर्टातल्या मावशी

मावशींना दुभाषी म्हणून सोबत न्यायचं तर आधी काळीज घट्ट करावं लागायचं. मी पीएच.डी.साठी एर्लांगेनला आलो तेव्हा माझं जर्मन ब्रेड विकत घेण्यापुरतं होतं. एकदा घरमालकीण माझं स्वयंपाकघर बघून तावातावानं काहीतरी बोलली. मी मावशींकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "इतका घाणेरडा ओटा त्यांनी जन्मात पाहिला नाही, आणि तुझ्या आईनं तुला काही शिकवलेलं दिसत नाही, असं म्हणताहेत."

"मावशी, जरा सौम्य करून सांगायचं ना!"

"का? त्या कुठे सौम्य बोलल्या?"

मूळच्या सांगलीच्या या बाई जर्मन कोर्टाची शपथ घेतलेल्या दुभाषी होत्या, म्हणून आम्हा विद्यार्थ्यांत त्यांचं नाव 'कोर्टातल्या मावशी'. त्या म्हणायच्या, "दुभाष्यानं नळासारखं असावं. मागून गढूळ आलं तर गढूळच सोडायचं." माझी आई भेटीला आली तेव्हा माझ्या प्रोफेसरांना म्हणाली, "मुलगा किती वाळलाय, तुमच्याकडे जेवू देत नाहीत का?" मी डोळ्यांनी विनवण्या करत होतो, पण मावशींनी ते जसंच्या तसं पोचवलं. दुसऱ्या दिवशी प्रोफेसर माझ्या टेबलावर अख्खा केक ठेवून गेले.

दुसऱ्या वर्षी सायकलवरून लॅबला जाताना कडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि मी त्यावर आदळलो. दार उघडणारी बाई रडायला लागली. झालं! मी उठून तिलाच धीर देत बसलो, "आलेस गूट, आलेस गूट", म्हणजे सगळं ठीक आहे, काही त्रास नाही. पोलिसांनाही तेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही तेच. परक्यांपुढे आपलं दुखणं काय उगाळायचं, हे वळण लहानपणापासूनचं. पुढे तीन आठवड्यांत उजव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली. माझं संशोधन म्हणजे भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडणं. बोटं नाहीत तर पीएच.डी. नाही, आणि ती नाही तर इथे राहणंही नाही.

त्या बाईच्या विमा कंपनीनं हात वर केले. खालच्या कोर्टानंही दावा फेटाळला. पोलिसांच्या आणि डॉक्टरांच्या, दोन्ही कागदांवर 'काही त्रास नाही' हे माझेच शब्द होते. त्यामुळे तज्ज्ञ डॉक्टरांकडून हात तपासून घ्यावा, असंही कोर्टाला वाटलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, नशीब. त्यावर मावशी अशा भडकल्या की विचारू नका. "नशीब? तोंड कुणाचं होतं ते?" वकीलबाईंकडे मला त्याच घेऊन गेल्या आणि राज्याच्या वरच्या कोर्टात, ओबरलांडेसगेरिष्टात, अपील दाखल झालं.

"मावशी, दुभाषी तुम्हीच ना?" मी विचारलं.

"छे! तू ओळखीचा. नियमात बसत नाही. दुसरा कुणी येईल. मी मागे बाकावर बसेन."

सुनावणीला आम्ही रीजनल ट्रेननं निघालो. मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "फलटणचा एक आचारी होता रे. ब्योब्लिंगेनला हॉटेलात कामाला. त्याला गाडीनं उडवलं होतं. कोर्टात जजनं विचारलं, आता कसं वाटतंय? हा टेबलाला धरून, कळ दाबत उठला आणि म्हणाला, 'बरं आहे, साहेब.' मी सांगितलं, बरं आहे. दुसरं काय सांगणार? केस गेली. माझा शब्द बरोबर होता. पण त्याची पाठ मला दिसत होती ना." त्या डोळे पुसताहेत हे मला दिसलं.

वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश होते. मधल्या बाईंनी विचारलं, "हात कसा आहे?" 'ठीक आहे' अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, हातातून किल्ली पडते, आईला फोनवर खोटं सांगतो, सगळं सांगितलं. मग रस्त्यावर 'आलेस गूट' का म्हणालात, असं त्यांनी विचारलं. "ती बाई रडत होती," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. धक्क्यात असताना समोरच्याला धीर द्यायला काढलेले शब्द म्हणजे प्रकृतीचा पुरावा नव्हे, आणि तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय असा दावा फेटाळता येणार नाही, असं त्यात होतं. केस पुन्हा खाली गेली, तपासणी झाली, उपचार मिळाले. आज एक बोट पूर्ण वळतं, दुसरं अजून रुसलेलं आहे, पण तारा जोडल्या जातात. वकीलबाई आता दुसऱ्या जखमींसाठीही तोच निकाल पुढे करतात. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

मावशींनी तो सगळा निकाल मराठीत उतरवला आणि फलटणला आचाऱ्याच्या पत्त्यावर धाडला. मी म्हटलं, "त्यांना आता काय मिळणार?" म्हणाल्या, "काही नाही. पण वरच्या कोर्टाला तरी कळलं, हे त्याला कळू दे."

त्याच शरदात मावशी कायमच्या मुलीकडे हँबुर्गला निघाल्या. स्टेशनवर मी बॅगा घेऊन उभा होतो, आणि त्यांनी पर्समधून फलटणचं पत्र काढलं. त्यात कोर्टाचा, निकालाचा उल्लेखही नव्हता. पाठ नेमकी कुठे दुखते, थंडीत किती, वाकताना किती, नातवाला उचलता येत नाही म्हणून जीव कसा तुटतो, एवढंच बारीक अक्षरात लिहिलेलं. मावशी मोठमोठ्यानं वाचत होत्या आणि आजूबाजूचे जर्मन बघत होते. गाडी आली, दारं उघडली. मी बॅग उचलली.

"थांब," मावशी म्हणाल्या, "अजून एक पान आहे."