शेंदराखालचा बनियन

या, जवळ सरका. दारात का उभे? आणि आधी हे सांगा, दूध संस्थेपुढून येताना त्या कोनाड्याला हात जोडलेत ना? जोडले असणारच, सगळेच जोडतात. अहो, लक्ष कुठं होतं तुमचं? त्या लाल गोळ्यांना तोफेच्या नळ्या आहेत, त्या दिसल्या नाहीत? ते देव नव्हेत. ते आमच्या फौजींचे रणगाडे आहेत.

फौजी म्हणजे आमचे शेजारी. पलटणीत रणगाडा चालवायचे, निवृत्त होऊन धारूरला परत आले. काडेपेटीएवढा रणगाडा उन्हात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "घाई केली की रंग रुसतो, वहिनी." चहा निवून जायचा, पण रंग रुसू द्यायचे नाहीत.

पुण्याचा भाचा त्यांना धातूच्या सुट्या भागांची पाकिटं धाडायचा. कानशीनं कडा घासायच्या, पट्टे चिकटवायचे, वरचा बुरूज फिरतो का बघायचं, मग राखाडी अस्तर आणि त्यावर हिरवा रंग. सगळ्यात शेवटी धूळ. आटलेल्या तळ्यातली माती फडक्यातून गाळून ते पट्ट्यांवर भुरभुरायचे. "एवढं एकच फुकट दिलंय बघा दुष्काळानं." ब्रश धुवायला बाटलीचं झाकण भरून पाणी घ्यायचे. तेही गढूळ होईस्तोवर पुरवायचे. टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीत त्याहून जास्त मागायची त्यांना लाज वाटायची.

"म्हातारपणी भातुकली मांडली गं बाई!" असं म्हणणाऱ्या पुष्कळ होत्या. मीही हसायलाच गेले होते आणि खेळायला बसले.

जनावरं चारा छावणीत गेलेली, त्यामुळं दूध संस्थेची खोली रिकामीच. तिथल्या लांब टेबलावर फौजी पोत्याचं रान अंथरायचे, दगडांच्या टेकड्या मांडायचे. पट्टीनं अंतर मोजून रणगाडा पुढं सरकवायचा, फासे टाकायचे. नेम बसला तर त्या रणगाड्यावर धूर म्हणून कापूस ठेवायचा. कापूस माझा, वातींचा. "वहिनी, तुमच्या देवाचा निम्मा कापूस माझ्या लढाईत संपला," म्हणायचे आणि पोट धरून हसायचे.

त्यांतल्या एका रणगाड्याच्या नळीवर मात्र इवलासा पांढरा बनियन वाळत टाकलेला होता. पातळ पत्र्याचा, नखाएवढा. मी विचारलं, "हे काय हो?"

"आमचा तोफ चालवणारा जोडीदार. साहेब ओरडायचा, तरी हा नळीवरच बनियन वाळवायचा." मग हळूच म्हणाले, "तो त्या गाडीतच राहिला. मी बाहेर पडलो."

त्या रणगाड्यावर नेम बसला की फौजी खिडकीबाहेर बघायचे. "कापूस तुमीच ठेवा, वहिनी." मी ठेवायची. पुढं मी तिकडं नेम धरणंच सोडलं. त्यांना कळलं होतं.

आता ऐका, आणि मला शांत राहायला सांगू नका. खंडेनवमी आली. त्या दिवशी आपण शस्त्रं, अवजारं पुजतो. संस्थेची यंत्रं बंद, कॅन उपडे पडलेले. पुजायचं काय? त्यात कुणी पुढारी येणार होता. चेअरमन फौजींच्या दारात हजर.

"फौजी, तुमचे रणगाडे द्या की एक दिवस. लई मानानं ठेवतो."

फौजींनी एकेक रणगाडा फडक्यात गुंडाळून दिला. इस्त्रीचा सदरा घालून ते संस्थेत पोचले, तर काय! पुढाऱ्याचा धक्का लागून पडू नयेत म्हणून कोनाड्यात सिमेंट ओतून त्यात रणगाडे रोवलेले, आणि वरून तेलात कालवलेला शेंदूर मूठमूठ थापलेला. हिरवा रंग गेला, तळ्यातली धूळ गेली, बनियन गेला. फौजी नुसते हातातल्या टोपीची कड चाचपत उभे राहिले.

मी ओरडले, "चेअरमन, अक्कल गहाण टाकली का? अहो, त्यांच्या जोडीदाराची आठवण हाय ती!"

"मावशी, आता पूजा झाली. पूजा झालेलं हलवायचं न्हाई."

"निदान बनियनवाला तेवढा द्या," फौजी म्हणाले. एवढंच मागितलं त्यांनी. एकच.

चेअरमन देईनात. आणि नशीब बघा, संध्याकाळी चार थेंब शिंतडले. अंगणातली धूळसुद्धा बसली नाही, पण रणगाडे पावले म्हणून गावानं नारळ फोडले. ज्या संस्थेनं छावणीत कधी पेंढीभर चारा धाडला नाही, तिला देव मिळाला!

मी म्हटलं, "फौजी, चला, उपटून आणू."

"राहू द्या, वहिनी. लोक पाण्यासाठी हात जोडतात. त्यांच्या हातावर कसं मारायचं?"

त्या माणसाच्या चांगुलपणाचासुद्धा मला राग येतो, अजून येतो. नवी पाकिटं आली, ती त्यांनी फोडली नाहीत. जाता-येता कोनाड्यापुढं थांबायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि पुढं जायचे. लोकांना वाटायचं, नमस्कार करतात.

उन्हाळ्यात फौजी गेले. त्यांना पोचवून माणसं परतली, आणि मी घरातलं लोखंडी उलथनं घेऊन भर उन्हात संस्थेत शिरले. चेअरमन ओरडले, "मावशी, पाप लागंल!"

"लागू दे. माझं मी बघते."

एकच काढला. बाकीचे आहेत तिथंच, लोकांना हात जोडायला. हा बघा, माझ्या फडताळात आहे. एक पट्टा तिथंच सिमेंटात तुटून राहिला. रॉकेलचा बोळा फिरवून शेंदूर काढते, पण मला बारीक दिसत नाही आणि पत्रा नाजूक. परवा बनियनची एक बाही पांढरी दिसली. एकच.

तुमची नजर चांगली आहे. पुढच्या खेपेला बारीक ब्रश घेऊन या, आणि लवकर या. सावकाश बसू. घाई केली की रंग रुसतो.