डावी टाच

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी घाईघाईने घरचे चार शब्द बोलते आणि उठते — ही गोष्ट तिथेही निघत नाही. तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्या कुणासमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही, एवढं मला आता कळून चुकलं आहे.

मी रडणाऱ्यातली बाई नाही. आलमबागला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं लोकांची रक्तं काढते. नवरा रेल्वेत इंजिनिअर, मानक नगरला क्वार्टर, सासूबाई आमच्याकडेच. त्या सातारा शहरातल्या, मी त्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. इतकी वर्षं लखनौत काढली तरी घरात मराठी, बाहेर हिंदी आणि भांडण दोन्हींत.

टाचा घासायचं ते यंत्र मी स्वतःसाठी मागवलं होतं. दिवसभर उभं राहायचं काम, त्यात इथली थंडी — माझ्या टाचांना अशा भेगा पडतात की रात्री रजईचा धागा त्यांत अडकतो. यंत्र मुठीत मावेल एवढं. चार्ज करायचं, बटण दाबायचं, की टोकाचा खरखरीत रूळ गरगर फिरतो. बाल्कनीत पेपर पसरून मी पहिल्यांदा टाचेवर धरलं, तर पीठ चाळावं तशी पांढरी भुकटी पडायला लागली. वर्षानुवर्षांची मेलेली कातडी पाच मिनिटांत पेपरवर. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मी कुठलीही वस्तू आणली की आधी सोबतचा कागद वाचते. त्यात दोन गोष्टी ठळक छापल्या होत्या. जास्त दाब पडला की यंत्र आपोआप थांबतं. आणि मधुमेह असलेल्यांनी, पाय बधिर असलेल्यांनी हे वापरू नये. दोन्ही मी वाचल्या होत्या. हे लक्षात ठेवा, कारण नंतर मी सगळ्यांसमोर काही न कळणाऱ्या बाईसारखी वागले आहे.

सासूबाईंना बावीस वर्षांचा मधुमेह. त्यांचे रिपोर्ट मीच काढायचे. पाय गुडघ्याखाली जवळजवळ मुके. एकदा तळव्यात टाचणी घुसली होती, ती संध्याकाळी रामकलीला तेल चोळताना सापडली. सासूबाईंना पत्ताच नव्हता! रामकली म्हणजे आमच्याकडे रोज संध्याकाळी येणारी बाई. सासूबाईंच्या पायांना तेल लावायची आणि वजरीने, इथल्या भाषेत झाँव्याने, टाचा घासायची — इतक्या हलक्या हाताने, की मला वाटायचं, ही घासते की नुसती फुंकर मारते?

त्या आठवड्यात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. लखनौतली सगळी मराठी घरं येणार होती. मुलाने आणि सुनेने पाटावर बसवून त्यांचे पाय धुवायचे, पूजा करायची, मग एकेकाने पाया पडायचं. माझ्या गुळगुळीत टाचा त्यांच्या नजरेत भरल्या होत्याच.

“चारचौघं माझ्या पायावर डोकं ठेवणार,” त्या म्हणाल्या, “आणि टाचा ह्या अशा? मलाही करून दे की तुझ्या त्या मशीनने.”

“तुमच्या शुगरला ते चालत नाही, आई.”

“शुगरचं नाव कशाला घेतेस? माझ्या पायाला हात लावायचा नाहीये, असं सरळ सांग.”

म्हणजे नाही म्हणायला मला येत होतं. एकदा मी म्हटलंही. मग पेपर पसरला आणि खाली बसले.

रविवारची दुपार होती. हे केटरर्सकडे गेले होते. मी उजवी टाच आधी घेतली, आणि ती व्यवस्थित केली. अगदी हलक्या हाताने, वरवर. तिथेच थांबता आलं असतं — पण एकच टाच कुणी करतं का? डावा पाय मांडीवर घेतला, आणि सासूबाई बोलायला लागल्या.

विहिणीचे पाय धुतात ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या लग्नात माझ्या आईने सासूबाईंचे पाय धुतले. आई शेतात राबणारी बाई. त्या दिवशी तिने बहिणीची पैठणी मागून नेसली होती. ती परातीपुढे वाकली तेव्हाच सासूबाईंनी पाय मागे घेतला होता आणि शेजारच्या बाईच्या कानात काहीतरी सांगितलं होतं, आणि दोघी हसल्या होत्या. आई तशीच वाकून राहिली, हातात तांब्या. मी बोहल्याजवळून पाहत होते. काय बोलल्या, ते मला कधीच कळलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी आपण होऊन सांगितलं. गंमत म्हणून.

“तुझी आई माझे पाय धुवायला वाकली ना, तेव्हा तिच्या पाठीवरून मागच्या टाचा दिसल्या. अगं, काळ्या भेगा, त्यांत माती! मी शेजारच्या काकूंना म्हटलं, आधी हिचेच पाय धुवा कुणीतरी. काकू अशा हसल्या...”

आणि त्या पुन्हा हसल्या. पोट हलवून. माझी आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी रूळ टाचेवर टेकवला आणि दाबला.

यंत्र थांबलं. कागदात लिहिलं होतं तसंच. मी बटण दाबलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा मला त्याची मेख कळली — किती दाबलं की ते बंद पडतं, आणि त्याच्या जरासं अलीकडे किती दाबलं की चालत राहतं. चौथ्यांदा मी बरोबर तेवढंच दाबलं. एकाच जागी. भुकटी आधी पांढरी होती, मग ओलसर झाली, रुळाला चिकटायला लागली, मग गुलाबी. मग भुकटी नव्हतीच. बारीक लाल थेंब उडायला लागले — पेपरवर, माझ्या मनगटावर, चष्म्याच्या काचेवरसुद्धा एक. रक्त मी रोज बघते. ते कसं दिसतं, कुठून येतं, कातडीचे किती थर गेल्यावर येतं, हे मला शिकवायला नको. खाली ओलं, लालभडक मांस दिसत होतं आणि मी रूळ त्यात धरून बसले होते.

आणि त्या बोलत होत्या! लग्नातलं जेवण, आहेराचे टॉवेल, माझ्या वडिलांचा उसवलेला कोट. मध्येच म्हणाल्या, “गुदगुल्यासुद्धा होत नाहीत बघ.” मी म्हटलं, “हलू नका.” घोट्याला माझी पकड इतकी घट्ट होती की बोटांचे वळ उठले. वडिलांचा कोट संपेपर्यंत मी थांबले नाही.

तुम्हाला वाटेल, भान हरपलं असेल. नाही. भान पूर्ण होतं. मला हेही आठवतं की बॅटरी उतरत आली होती आणि यंत्राचा आवाज जड झाला होता, आणि ती संपायच्या आत अजून जरा — असं माझ्या मनात आलं. मला ते करायचं होतं. आत कुठेतरी गार, मोकळं वाटत होतं. ह्याला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

मग मी कापूस दाबून धरला, मलम लावलं, मोजा चढवला. “जरा लाल झालंय, मोजा काढू नका,” एवढंच सांगितलं. पेपर चुरगळून कॉलनीबाहेरच्या कचऱ्यात टाकला. त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं तर पाय वाचला असता. ते मला तेव्हाच ठाऊक होतं. पण डॉक्टर पहिला प्रश्न कोणता विचारणार, हेही ठाऊक होतं. रामकलीला मी चार दिवस सुट्टी दिली. घरात एवढी कामं असताना सुट्टी कशी, म्हणून ती चकितच झाली. खूश होऊन माहेरी गेली.

समारंभाच्या सकाळी मोजा काढला तर जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मी हळदीचा आणि अष्टगंधाचा जाड लेप दोन्ही पावलांवर दिला, टाचेवर जरा जास्तच. सगळ्यांना वाटलं, काय हौसेने केलंय सुनेने! यांनी पाय धुतले, मी पाणी घातलं, मग पंचामृत, मग पुन्हा पाणी. जानकीपुरमहून आलेल्या एका बाईंनी त्या पायावर डोकं टेकवलं आणि उठून मला म्हणाल्या, “अशी सेवा आजकाल कोण करतं?” मी हसले. पुढच्या माणसासाठी बाजूला सरकले.

नवव्या दिवशी घरात वास यायला लागला. अकराव्या दिवशी ताप. डॉक्टरांनी मोजा कापून काढला तेव्हा हे तोंडावर हात धरून बाहेर गेले. टाच काळी पडली होती, काळेपण घोट्याच्या वर चढलं होतं. “ये घाव लगा कैसे?” डॉक्टरांनी विचारलं. मी क्षणभरही थांबले नाही.

“कामवाली झाँवे से रगड़ती थी.”

दोन दिवसांनी सासूबाईंचा डावा पाय गुडघ्याखाली कापला.

रामकली माहेराहून परतल्यावर रोज येतच होती. मोजा काढायची मनाई मीच तिला केली होती, म्हणून तिने फक्त उजव्या पायाला तेल लावलं होतं. ऑपरेशननंतरच्या संध्याकाळी ती दारात आली, तशी यांनी तिला आत येऊच दिलं नाही. माझा नवरा कधी आवाज चढवणाऱ्यातला नव्हे. त्याने तिच्या थोबाडीत मारली. ती जिन्याच्या कठड्यावर आपटली, भुवई फुटली. वरच्या-खालच्या क्वार्टरमधली माणसं दारात आली.

“हम तो बाएँ पैर को छुए तक नहीं, भैया,” ती म्हणत होती. “भाभीजी से पूछ लीजिए.”

हे माझ्याकडे वळले. तीही माझ्याकडे बघत होती, डोळ्यात रक्त उतरत होतं, ते ती पुसतही नव्हती. एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, “आता बोलून काय उपयोग? जाऊ दे तिला.” यांना ते उत्तर वाटलं. तिलाही कळलं, ते काय होतं. ती जिना उतरली. त्यानंतर कॉलनीत तिला कुणी कामाला ठेवलं नाही.

सासूबाई आहेत. कापलेल्या पायाचं ड्रेसिंग मी केलं, अजूनही अंघोळ मीच घालते. माझ्याशिवाय कुणाचा हात लावून घेत नाहीत. फोनवर सगळ्यांना सांगतात, त्या मेलीने माझा पाय घालवला, सुनेने मला जगवलं. मी तिथेच, त्यांच्या शेजारी, कपड्यांच्या घड्या घालत असते. फोन माझ्याकडे दिला की मीही दोन शब्द बोलते.

गेल्या हिवाळ्यात आलमबागच्या भाजीबाजारात रामकली दिसली. पुढ्यात मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. भुवईवर पांढरा व्रण. तिने मला पाहिलं, मान खाली घातली नाही, शिवीही दिली नाही. विचारलं, “अम्माजी कैसी हैं?”

“ठीक हैं,” मी म्हटलं.

ती थांबली. मी पुढे काही बोलेन म्हणून थांबली, हे मला स्पष्ट दिसत होतं. आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. मला घाई नव्हती. मी पुढच्या गाड्यावर गेले आणि तिथून मेथी घेतली.