पिशवीतला दुसरा तक्ता

बापूंनी दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, डोळ्यांवर ठेवले आणि तक्ता वाचायला सुरुवात केली.

"ग. म र. ट प च. ल ड ख व..."

मी पट्टी घेऊन तक्त्याजवळ उभा होतो. ड्रायव्हरनं एकेक डोळा झाकायचा, मी पट्टी ठेवीन ती ओळ वाचायची, अशी पद्धत. बापूंनी दोन्ही डोळे झाकून सातही ओळी एका दमात संपवल्या. मग हात काढले आणि दहा वेळा पापण्या मिटल्या.

"बापू, हात काढून वाचायचं असतं."

"काढतो की. पण चुकलं कुठं, सांगा."

चुकलं कुठंच नव्हतं. शेजारी खुर्चीत बसलेल्या गिरणीच्या साहेबांनी टाळी वाजवली. "अहो सर, झाकल्या डोळ्यांनी एवढं वाचतोय. उघड्या डोळ्यांनी काय करील, विचार करा."

मी विचार केला. मग फॉर्मवर दोन्ही डोळ्यांपुढं सिक्स बाय सिक्स लिहिलं आणि सही केली.

या गोष्टीला वीस वर्षं होत आली. ती मी कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

मी डोळे तपासतो. डॉक्टर नाही. नंबर काढायचा, चष्मा द्यायचा आणि चष्म्यानं भागणार नाही असं काही दिसलं तर डॉक्टरकडं पाठवायचं, एवढं माझं काम. त्याला ऑप्टोमेट्रिस्ट म्हणतात. कोल्हापुरात माझं दुकान आहे. त्याशिवाय गावाबाहेरच्या एका सूतगिरणीच्या ड्रायव्हरांचे डोळे मी वर्षातून एकदा तपासत असे. गिरणीच्या कामगार बायकांना आणायला-सोडायला बसगाड्या होत्या आणि नऊ ड्रायव्हर. सिक्स बाय सिक्स म्हणजे चांगल्या डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता येते, ती तुम्हालाही तिथूनच वाचता येणं. तक्त्यातली शेवटची, सर्वांत बारीक ओळ ती.

त्याआधीच्या वर्षी नऊपैकी पाच जण त्या ओळीपर्यंत पोचले नव्हते. मी चष्मे लिहून दिले. एकानंही लावला नाही. बापू सगळ्यांत वडील, मिशा कानापर्यंत. ते म्हणाले, "चष्मा लावून ष्टेरिंगवर बसलो तर बायका म्हणतील, शाळामास्तर गाडी हाकतोय."

गिरणीच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. ते नुकतेच सकाळी टीव्हीपुढं बसून प्राणायाम करायला लागले होते. "सर, चष्म्याशिवाय काही उपाय? योगात काही?"

"आहे की," मी म्हणालो. "डोळ्यांचा ताण जातो त्यानं."

हे खरं होतं. तासन्‌तास रस्त्याकडं बघून डोळ्यांचे स्नायू आखडतात, पापणी कमी मिटते, डोळा कोरडा पडतो. तळहात घासून त्यांची ऊब डोळ्यांना दिली, अंगठा जवळ-लांब धरून आळीपाळीनं त्याच्याकडं आणि दूर झाडाकडं बघितलं, बुबुळं वर-खाली फिरवली, पापण्या मिटल्या-उघडल्या, की बरं वाटतं. मी स्वतः करतो. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग असा होता: यानं नंबर जात नाही, आणि मोतीबिंदू तर मुळीच जात नाही. तो भाग मी बोललो नाही. साहेब खूश दिसत होते. तेवढ्यात चहा आला.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. पहिल्या पाळीआधी पंधरा मिनिटं नेत्रयोग. शिकवायला मी.

वर्कशॉपच्या आवारात नऊ ड्रायव्हर ओळीत उभे राहायचे आणि आपापल्या अंगठ्याकडं रागानं बघायचे. रस्त्यावरून जाणारे सायकली थांबवायचे. शेवटी त्राटक. म्हणजे एका ठिकाणी नजर ठरवायची. त्यासाठी समई ठेवतात. मी समई आणली तर फोरमन धावत आला.

"सर, डिझेलच्या टाकीजवळ दिवा लावतायसा? सगळी मिळून एकदमच वर जायचं हाय काय?"

त्याचं बरोबर होतं. मग नजर कशावर ठरवायची? माझ्या दुकानात डोळे तपासायच्या तक्त्याची एक जादा प्रत होती. ती मी आणून भिंतीवर टांगली. सोय झाली. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक अक्षरापर्यंत नजर न्यायची, असं मी सांगितलं.

मारुती नावाच्या तरुण ड्रायव्हरची नजर चांगली होती. तो मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे मागून म्हणायचे. आठवड्याभरात त्या अक्षरांना चाल लागली. पंधरवड्यात गिरणीच्या कँटीनमधला आचारीसुद्धा पोळ्या लाटताना "ट प च, ल ड ख व" म्हणायला लागला. मी ते ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं आता म्हणणार नाही.

वर्षभरानं तपासणीला गेलो आणि हाच तक्ता लावला. नऊच्या नऊ जण सिक्स बाय सिक्स.

आता खरं सांगतो. माझ्या पिशवीत दुसरा तक्ता होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो तो. त्यात अक्षरं नसतात, तीन दातांच्या फणीसारखी आकृती असते. दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायचं. तो पाठ करणं अवघड. पहिले तीन ड्रायव्हर वाचून गेल्यावर मी तो अर्धा बाहेर काढला होता. साहेब म्हणाले, "काय झालं, सर?" मी म्हणालो, "काही नाही," आणि परत आत सारला. टॉर्चही होता. बापूंच्या डोळ्यात टॉर्च मारला असता तर बाहुलीच्या आत पांढुरकं दिसलं असतं. मी टॉर्च मारला नाही. दिसलं असतं तर लिहावं लागलं असतं.

ऑगस्टमध्ये गिरणीनं माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि भगवा फेटा. "सरांनी पाच चष्मे वाचवले," असं साहेब भाषणात म्हणाले. मला दुसऱ्या दिवशी सकाळी गगनबावड्याला नेत्रशिबिरासाठी जायचं होतं. साहेबांना ते ठाऊक होतं.

"एसटीनं कशाला जाताय? आपली बस आहे की. बापूच आहेत गाडीवर."

नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही. कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

पहिली पाळी सुटली. मी फेटा, शाल आणि मांडीवर नारळ अशा थाटात पुढच्या सीटवर बसलो. बस बायकांनी भरली.

"नवरदेव कुठं निघाला गं?"

"पावणं, नवरी पळाली काय?"

माझ्या पलीकडं, अगदी काचेजवळ, अक्काताई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या, आवाज सायरनसारखा. बस निघाली. पाऊस होताच. कळे गावाच्या पुढं धुकं उतरलं. अक्काताई डबा आवरता आवरता बोलत होत्या.

"डावीकडं म्हस. ...हां, गेली. फुडं ट्रॅक्टर हाय, हळू. ...पूल आला, सरळ धर. ...सायकलवाला."

आधी मला वाटलं, बाईंना बोलायची सवय असेल. मग लक्षात आलं की त्या गप्प झाल्या की बस हळू होते.

"अक्काताई, हे रोजचंच?" मी हळूच विचारलं.

"दोन वर्स झाली. डोळं माझं, हात-पाय त्येचं."

"मग गिरणीत सांगितलं का नाही?"

"सांगून? दुसरा ड्रायव्हर आमच्या वाडीत गाडी घालंल व्हय? बापू घालतो. उशीर झाला तर थांबतो. त्यो गेला तर दोन किलोमीटर चिखल कोण तुडवणार, तुमी?" मग त्यांनी माझ्या फेट्याकडं बघितलं. "आनि तुमीच तर त्येला पास केलंय न्हवं?"

मी नारळाकडं बघत बसलो.

तेवढ्यात त्यांना कुणीतरी मागून हाक मारली. त्या वळल्या. तेवढाच वेळ. बापूंनी करकचून ब्रेक मारला. माझा नारळ गिअरपर्यंत गेला. बापूंनी दाराकडं मान वळवली.

"चढा पावणं, लवकर. भिजतायसा कशाला?"

कुणी चढलं नाही.

"अवो, चढा की. कवापासनं हात करून उभं हायसा."

मी वाकून बघितलं. रस्त्याच्या कडेला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. माणसाएवढा पुढारी, पांढरे कपडे, एक हात वर. बस हसून हसून हलायला लागली. बायकांना वाटलं, बापू गंमत करतायत. अक्काताई हसल्या नाहीत. मीही नाही. फ्लेक्सच्या मागं नाला होता, आणि बसचं पुढचं चाक डांबर सोडून कडेच्या चिखलात उतरलं होतं. चढणाऱ्याची सोय म्हणून बापूंनी गाडी कडेला घेतली होती.

मी उठलो. पिशवीतून दुसरा तक्ता काढला आणि अक्काताईंना मागच्या सीटपाशी नेऊन उभं केलं. सहा मीटरला बसची लांबी पुरते.

"अक्काताई, हा छातीशी धरा. बापू, गाडी बंद करा आणि मागं वळून बघा. काय दिसतंय?"

बापूंनी हात डोळ्यांवर नेले.

"हात न लावता."

त्यांनी हात मांडीवर ठेवले. बराच वेळ बघितलं. मग चालीत म्हणाले, "ग. म र. ट प च..."

तक्त्यावर एकही अक्षर नव्हतं. बायका हसायच्या थांबल्या. पुढच्या दोन बायकांनी मान वळवून तक्ता बघितला, मग बापूंकडं बघितलं. बापू शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन थांबले.

"बरोबर हाय न्हवं, सर?"

मी टॉर्च मारला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग दुधाळ झालं होतं. उजव्यात जास्त.

"बापू, किल्ली द्या."

"मग गाडी कोण नेनार? तुमी?"

मला फक्त स्कूटर येत होती. एका मुलीकडं मोबाईल होता. खिडकीबाहेर हात काढून तिनं कशीबशी रेंज मिळवली आणि गिरणीला फोन लावला. मारुती यायला दोन तास लागणार होते. चाळीस बायका, एक फेटेवाला आणि एक ड्रायव्हर, फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याच्या सावलीत बसून राहिलो. अक्काताईंनी सत्काराचा नारळ जॅकच्या दांड्यानं फोडला आणि सगळ्यांना वाटला. बापूंना दोन तुकडे दिले. त्यांनी खाल्ले नाहीत.

"सर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, धूसर दिसतंय. मग तुमी सही केलासा. मी म्हटलं, एवढा शिकलेला माणूस सही करतोय, म्हंजे दिसत असंल मला. दिसणं म्हंजे हेच असंल."

मी फेटा उतरवला.

शिबिर उरकून तिसऱ्या दिवशी आम्ही साहेबांच्या ऑफिसात होतो. साहेबांनी बापूंना विचारलं, "तक्ता पाठ केलास?"

"व्हय, साहेब."

"कुणी दिला तुला तक्ता?"

बापूंनी माझ्याकडं बघितलं. धूसर का असेना, बघितलं. म्हणाले, "रोज बघून बघून झाला पाठ."

मी चहाचा कप धरून बसलो होतो. तो खाली ठेवून दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागतो? मी कप खाली ठेवला नाही. साहेबांनी बापूंना बाकीच्या आठ ड्रायव्हरांसमोर फसवणुकीबद्दल माफी मागायला लावली. बापूंनी हात जोडून मागितली. मी साहेबांच्या बाजूला उभा होतो. रिपोर्टात मी लिहिलं, मोतीबिंदू झपाट्यानं वाढला. तो काही झपाट्यानं वाढला नव्हता.

बाकीच्या आठांना मी फणीच्या तक्त्यावर पुन्हा तपासलं. चौघांना चष्मे लागले, आणि या वेळी त्यांनी लावले, कारण अक्काताईंनी बसच्या दारात उभं राहून सांगितलं होतं की चष्मा नसेल तर बाया चढणार न्हाईत.

बापूंची दोन्ही ऑपरेशनं झाली. काही महिन्यांनी ते दुकानात आले. मी फणीचा तक्ता लावला. त्यांनी बोटानं सगळ्या बाजू बरोबर दाखवल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, तुमची दाढी एवढी पिकलीया, मला म्हाईतच नव्हतं." पुढं रिटायर होईपर्यंत त्यांनी चष्मा लावून गाडी चालवली. त्यांना कुणी मास्तर म्हटलं नाही.

आता ते असळजला असतात. रोज सकाळी ओट्यावर बसून तळहात घासून डोळ्यांवर ठेवतात. गावात सांगतात की नजर योगानं आली, ऑपरेशन आपलं निमित्त. मी दोनदा भेटायला गेलो, दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

माझ्या धंद्यात येणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो. व्यायाम जरूर शिकवा, थकलेल्या डोळ्याला आराम पडतो. पण वाक्य पूर्ण करा. आणि तक्ते दोन ठेवा, दुसरा पिशवीबाहेर.

हे छापून आलं की एक प्रत असळजला पाठवणार आहे. बापू आता बारीक अक्षरसुद्धा वाचतात, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. म्हणून सांगायचं राहिलेलं वाक्य शेवटच्या ओळीत ठेवलं आहे.

बापू, तक्ता मी दिला होता.