घरच्या जावयाचं आमंत्रण

मोडीत आलेलं भांडं काट्यावर टाकण्याआधी आमचे जावई त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचे. "सौ. कलावती हिस मामांकडून भेट," असं. गिऱ्हाईक घाईत असायचं. जुनी पितळी घागर द्यायची, बदल्यात स्टीलचे डबे न्यायचे, एवढंच त्याचं काम. नाव ऐकायला त्याला वेळ नसायचा. जावई तरी वाचायचे. मी एकदा विचारलं, "नाव वाचल्यानं वजन वाढतं का?"

"न्हाय मामी," ते म्हणाले. "पर ह्या बाईचं नाव हितून पुढं कुणी वाचणार न्हाय."

लोहाऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. मला एकच मुलगी, रेखा. तिला सासरी पाठवली असती तर दुकान बघायला कुणी उरलं नसतं, म्हणून आमच्या मालकांनी, म्हणजे रेखाच्या वडिलांनी, घरजावई बघायचं ठरवलं. तामलवाडीचा मुलगा मिळाला. घरी भाऊ पुष्कळ आणि जमीन थोडी. सोलापुरात एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होता. बैठकीत मालकांनी एकच अट घातली, दुकान सोडून जायचं नाही. मुलानं मान हलवली. पुढं मालक वारले, अट राहिली.

ते गिटार घेऊनच घरात आले. मला वाटलं, लेकरू झालं की सुटेल. लेकरू झालं नाही आणि गिटारही सुटली नाही.

त्यांची गाणी सिनेमातली नव्हती आणि भजनंही नव्हती. ऑर्केस्ट्रात असताना त्यांनी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या गाण्यांची एक कॅसेट ऐकली होती. एक माणूस, एक गिटार आणि साध्या आवाजात सांगितलेली गोष्ट. कुणाचं शेत गेलं, कुणाची बायको गेली, कुणी मालगाडीत बसून लांब निघून गेलं. जावई ती इंग्रजीत म्हणायचे आणि मला अर्थ सांगायचे.

"सगळे कुठं ना कुठं निघालेलेच दिसतात," मी म्हणाले. "तिथं घरी कुणी बसत नाही का?"

"बसतात की. पर त्यांची गाणी कुणी केली न्हाईत."

"मग तुम्ही करा. तुम्हाला बसायची सवय आहे."

मी टोमणा मारला होता. त्यांनी तो कामाला लावला. मंगळवारी दुकान बंद असायचं. ते आत जाऊन शटर खाली ओढून घ्यायचे, डब्यांना टेकवून मोबाइल उभा करायचे आणि गायचे. तारा छेडल्या की फळ्यांवरची पातेली आणि पराती मागून गुणगुणायच्या. आधी त्यांनी भांड्यांत चिंध्या कोंबून पाहिल्या. मग काढून टाकल्या. म्हणाले, "गाऊ द्या. ती बी माझ्यासारखीच फळीवर बसून हायत." कंपनी नाही, मालक नाही. गाणं आपणच रचायचं, आपणच गायचं आणि आपणच मोबाइलवरून लोकांपुढं ठेवायचं. मोडीचं गाणं तिथंच झालं. "नाव तुझं तांब्यावर, तांब्या निघाला मोडीत," अशी सुरुवात आहे. बाकीचं मला पाठ नाही.

ते गाणं लांबलांबच्या लोकांनी ऐकलं. आमच्या गल्लीनं मात्र एकदाच. एका लग्नात हळदीच्या दिवशी लोकांनी त्यांना गाण्याचा आग्रह केला. नाचायचं काहीतरी म्हणतील अशी अपेक्षा होती. त्यांनी मोडीचं गाणं म्हटलं. नवरीची आजी डोळ्यांना पदर लावून रडायला लागली आणि मुलाकडचे लोक उठून उभे राहिले. मांडवात मेलेल्या बाईचं गाणं कोण म्हणतं? घरी आल्यावर मी म्हणाले, "अक्कल बी मोडीत घातली का?"

"गाणं म्हणा म्हणाले, मामी. माझ्याजवळ हीच हायत."

त्यानंतर गल्लीतून गाण्याचं बोलावणं आलं नाही. त्याच लग्नाची भांडी मात्र नावं घालायला आमच्याच दुकानात आली, आणि जावयांनी खाली मानेनं ती नावं घातली.

नावं घालायचं मशीन पेनासारखं असतं. हातात धरलं की थरथरतं. लग्नसराईत दिवसभर ते धरून त्यांची बोटं बधिर व्हायची. संध्याकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसायचे. गिटार मांडीवर घेतली तरी तार नीट दाबली जायची नाही. हसून म्हणायचे, "बोटं दुकानातच ऱ्हायली." पुण्याहून, बंगळूरहून गायला बोलावणी यायची. ते सांगायचे, सीझन आहे. एकदाच पुण्याला गेले. गाऊन तसेच एसटीत बसले आणि सकाळी चुरगळलेल्या सदऱ्यावर येऊन शटर उघडलं. कसं झालं, असं मी विचारलं नाही.

मग त्यांच्यासारखंच एकट्यानं गाणाऱ्या काही लोकांनी त्यांना महिनाभर सोबत गावोगाव फिरायला बोलावलं. ताटावर नाव घालता घालता, वर न बघता त्यांनी मला विचारलं, "जाऊ का?"

"अट विसरलात का?"

"न्हाय."

"मग विचारता कशाला?"

त्यांनी मशीन परत सुरू केलं. स्वयंपाकघरात रेखा मला म्हणाली, "आई, अजून दोन लग्नसराया गेल्या तर त्यांची बोटं कामातून जातील. मग सोडलंस तरी काय वाजवणार ते?" मी म्हणाले, दुकान कोण बघणार ते सांग. तिनं परात पुढं ओढून कणीक मळायला घेतली. माझं म्हणणं चूक नव्हतं, आजही नाही.

त्याच साली अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलावून जेवू घालतात आणि वाण देतात. त्यामुळे भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. घरजावयाचं यात अवघड होतं. घरातच असलेल्या माणसाला बोलवायचं कुठून? आमच्याकडं त्याला आदल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी ठेवतात आणि तिथून आमंत्रण देऊन आणतात. दर वेळी मी त्यांना शेजारी पाठवायची. या वेळी शेजाऱ्यांना सुतक होतं. मी म्हणाले, "तामलवाडीला भावाकडं जा. मी उद्या फोन करते, मग या."

ते गिटार घेऊन निघाले. रेखानं भरून दिलेली पिशवी जड दिसत होती. मला वाटलं, जावेला डबे दिले असतील.

दुसऱ्या दिवशी मी रीतीप्रमाणे फोन लावला. "जावईबापू, धोंडे जेवायला या." मागं रेल्वेची घोषणा चालली होती.

"आमंत्रण घेतलं, मामी. येतो. कवा येतो ते पाव्हण्यावर सोडा."

"आणि दुकान?"

"पाव्हण्याला दुकान इचारतात व्हय?"

रेखा अनारसे तळत होती. झाऱ्यावरची नजर न काढता म्हणाली, "ते दुकान सोडून गेले नाहीत, आई. तू धाडलंस."

महिनाभर गल्ल्यावर मी बसले आणि नावंही मीच घातली. मनगट सुजलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. या घरात इतकी वर्षं राहिलेला माणूस आत ये म्हणायची वाट बघत उभा होता. मी पायांवर पाणी घातलं. वाणाच्या काशाच्या ताटावर त्यांचं नाव मी माझ्या हातानं घातलं होतं. वाकडं आलं होतं, शेवटचं अक्षर काठावर चढलं होतं. जेवायच्या आधी त्यांनी ते ताट उचललं आणि नाव मोठ्यानं वाचलं, मोडीतल्या भांड्यावरचं वाचायचे तसं. मी समजायचं ते समजले.

त्यांनी सोलापुरात खोली घेतली होती. तिथून पुढं गाण्याची गावं ठरली होती. रेखाही गेली. निघताना मी ताट पुढं केलं, तर म्हणाले, "हितंच ठेवा, मामी. पाव्हणा आला की लागंल." त्यांच्या बोटांना तारांचे घट्टे परत आले होते. ताट परत देताना ते माझ्या हाताला लागले.

ते फोन करतात. रेखा गाणी ऐकवते. मला लोहारा सोडून तिकडं राहायला बोलावतात. मी जात नाही. मालकांची अट आता माझ्यावर आहे.

मी चौथी शिकलेली आहे. जोडाक्षर आलं की थांबते. काल एकानं पितळी हंडा आणला आणि म्हणाला, "आजी, वजन करा की लवकर, जीप निघंल."

"जाऊ दे," मी म्हणाले. "अजून नाव वाचून झालं नाही."